तीन कचेऱ्या, एक खुर्ची

"चार पाय हिला, अन् चालायचं मी."

असं पुटपुटत सटवा डोक्यावर उलटी खुर्ची घेऊन दूध संस्थेच्या पायऱ्या उतरला. पायरीवर बसलेल्या कौशल्याबाईच्या कानाला खुर्चीचा पाय घासून गेला, म्हणून तिला ते ऐकू आलं. एरवी कुणाला ऐकू जाईल असं सटवा बोलत नसे. तो दूध संस्थेचा शिपाई होता, ग्रामपंचायतीचा होता, आणि तंटामुक्ती समितीला शिपाई मंजूर नव्हता म्हणून तिचाही होता.

खुर्चीचंही तसंच. हातांची, लाल गादीची, अशी अख्ख्या गावात एकच. सुंदररावांच्या कमरेला दुसरी चालत नसे. दूध संस्थेचे चेअरमन सुंदरराव, तंटामुक्तीचे अध्यक्षही सुंदरराव. सरपंचाची जागा बाईला राखीव निघाली तेव्हा निवडून आल्या त्यांच्या मंडळी, सत्यभामाबाई. पण गाव 'सरपंच' म्हणून हाक मारी ती सुंदररावांनाच. सत्यभामाबाई सरपंच असत त्या झेंड्याच्या दिवशी, दोरी ओढण्यापुरत्या. पुढचा नारळही सुंदररावच फोडत.

ते साल दुष्काळाचं. दिवाळीआधीच विहिरींनी तळ दाखवला आणि शिरूरकडून टँकर सुरू झाला. पंचायतीची टाकी गळकी, म्हणून टँकर दूध संस्थेच्या टाकीत रिता व्हायचा. तिथून यादीप्रमाणे माणशी वीस लिटर. कौशल्याबाईचा मुलगा रामहरी आणि सून दसऱ्यालाच ऊसतोडीला गेले होते. घरी राहिली ती, दोन नातवंडं आणि दोन शेळ्या. पुढच्या महिन्यात नवी यादी लागली आणि तिच्या घरापुढं शेरा पडला: स्थलांतरित. म्हणजे पाणी बंद. वस्तीवरच्या आणखी अकरा घरांचं तसंच झालं. इकडं सुंदररावांची मोसंबीची बाग मात्र ऐन जानेवारीत तुकतुकीत दिसत होती. तिच्याकडं बघून गाव खाकरायचं, बोलायचं नाही.

शेजारची छबुबाई दोन महिने रोज एक घागर देत आली होती. काल तिनं घागर भरली, खाली ठेवली आणि म्हणाली, "कौशल्ये, उद्यापासून अर्धी चालंल का गं?" हे विचारताना छबुबाईच जास्त ओशाळली. म्हणून कौशल्याबाई आज सकाळीच संस्थेच्या पायरीवर येऊन बसली होती.

तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण राज्यघटना येत होती. दहा वर्षं शाळेत खिचडी शिजवली तिनं. स्वयंपाकाची खोली आणि सातवीचा वर्ग यांच्यामध्ये पत्रा होता. तांदूळ निवडता निवडता दरवर्षी तेच धडे कानावर पडायचे. पोरं पुढच्या वर्गात जायची, ही मात्र दहा वर्षं सातवीतच. कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ ही तिन्ही नावं तिला नातेवाइकांसारखी पाठ होती. कायदा करणारा वेगळा, तो चालवणारा वेगळा, निवाडा करणारा वेगळा, असं गुरुजी सांगायचे, आणि पत्र्यापलीकडं डाळीला फोडणी देत कौशल्याबाई मान डोलवायची. आपल्या गावात ही तिन्ही मंडळं एकाच धोतरात आहेत हे तिला फोडणीतल्या मोहरीइतकं स्पष्ट दिसायचं. पण तेव्हा पाणी मिळत होतं.

आता संस्थेत तिला चेअरमन सुंदररावांनी उत्तर दिलं होतं ते असं: "मावशी, आमी यादीपरमानं पाणी वाटतो. यादी पंचायतीची. आमचा काय जिम्मा न्हाई."

"मंग तेवढं लिहून द्या, अप्पा."

सुंदररावांना लिहून द्यायला फार आवडे. शिक्का तर त्याहून आवडे. त्यांनी दोन्ही केलं आणि खुर्ची पंचायतीकडं निघाली. कागद घेऊन पायरीवर टेकलेली कौशल्याबाई उठून खुर्चीच्या मागोमाग.

पंचायतीत सुंदररावांनी चष्मा चढवला आणि तिला वर्षानं बघितल्यासारखं हसले.

"या या मावशी. लई दिवसांनी?"

"आत्ताच तर भेटले, अप्पा."

"ते तुमी चेअरमनला भेटला असाल."

ग्रामसेवक त्रिंबक कोपऱ्यात बसला होता. त्यानं रजिस्टरात तोंड घातलं.

कौशल्याबाईनं पदर सावरला. असंच खेळायचं असेल तर तिला खेळता येत होतं. "व्हय," ती म्हणाली, "त्यांनाच भेटले. ते म्हणले, यादीचा घोळ सरपंचानं घातला."

"चेअरमनला काय कळतंय त्यातलं?" सुंदरराव खरंच चिडले. "रामहरी ऊसतोडीला गेला. घर स्थलांतरित. नियमानं नाव निघतं."

"घर जाग्यावर हाय की. मी बी हाय. माझी तहान रामहरीसंगं कारखान्यावर गेली न्हाई, अप्पा."

सटवाला ठसका लागला.

"ही तकरार झाली," सुंदरराव म्हणाले. "तकरारीचा निवाडा तंटामुक्तीत. पंचायत त्यात पडत नसती."

"तेवढं लिहून द्या."

त्रिंबकनं लिहिलं: नाव सरपंचाच्या आदेशाने कमी केले असून तक्रार तंटामुक्ती समितीकडे पाठवली आहे. सुंदररावांनी पेन घेतलं, जीभ दातात धरली आणि गोल, बायकी अक्षरात सही केली: सौ. सत्यभामा सुंदरराव. ती सही होईपर्यंत त्रिंबक खिडकीबाहेर बघत राहिला. सटवा छताकडं. त्या सहीच्या वेळी कुठं बघायचं हे ज्याचं त्याचं ठरलेलं होतं.

तंटामुक्तीची बैठक मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर बसे. खुर्ची आली. न्यायासाठी सुंदरराव टोपी घालीत, ती त्यांनी घातली.

"तंटा कुणाशी हाय, मावशी?"

"सरपंचाशी."

"मंग सरपंचाचं बी ऐकून घ्यावं लागंल. एकाच बाजूचं ऐकून निवाडा होत न्हाई." हे गुरुजींच्या धड्यातलंच वाक्य होतं. कौशल्याबाईला बरं वाटलं. सुंदररावांनी हुकूम सोडला, "सटवा, सरपंचाला बोलावून आण."

सटवा क्षणभर उभा राहिला. मग देवळाला एक प्रदक्षिणा घालून आला.

"न्हाईत," तो म्हणाला. "लोक म्हणले, देवळाकडं गेलेत."

सुंदररावांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढची तारीख दिली: सव्वीस जानेवारी, ग्रामसभेत, दोन्ही बाजूंनी हजर राहावे. त्याचाही कागद झाला. तिला वाटलं, माणूस लबाड आहे. पण नियमाला पक्का आहे.

घरी जाताना ती वाट वाकडी करून सुंदररावांच्या परसात गेली. सत्यभामाबाई भांडी राखेनं कोरडीच घासत होत्या. एवढं तरी बरं होतं, की त्या घरातही भांड्यांना पाणी नव्हतं. पाणी मोसंबीला होतं.

"बाई, तेवढा पंचायतीचा कागद वाचून दाखवा. तुमी पाटोद्याला धाव्वीपर्यंत शिकलेल्या."

सत्यभामाबाईंनी हात पुसले आणि कागद वाचला. शेवटी सही आली तशा थांबल्या. फार वेळ बघत राहिल्या.

"'भामा'चा काना आखूड काढलाय," त्या हळूच म्हणाल्या. "मी लांब काढते."

"मला काय कळतंय त्यातलं," कौशल्याबाई म्हणाली.

"तुमाला समदं कळतंय, मावशी." त्यांनी कागदाची घडी केली, परत दिली आणि आत गेल्या. बाहेर आल्या त्या कळशी घेऊन. "ही न्या. यांनी विचारलं तर सांगंन, सांडली."

सव्वीस जानेवारीला शाळेपुढं झेंडा झाला. सत्यभामाबाईंनी दोरी ओढली, सुंदररावांनी नारळ फोडला. मग ग्रामसभा. पुरुष सतरंजीवर, बाया खिचडीच्या खोलीच्या सावलीला, आणि सरपंच त्या बायांत सगळ्यात मागं. मध्ये टेबल, टेबलामागं लाल गादीची खुर्ची.

कौशल्याबाई उठली. दहा वर्षं तिथं शिजवलेलं असल्यामुळं तिला पत्र्याच्या अलीकडं उभं राहायला भीती वाटली नाही.

"माझं अन् वस्तीवरच्या अकरा घरांचं नाव यादीतून गेलंय. तीन कागद हायेत. ज्याचा कागद, त्यानं उत्तर द्यावं. पण ज्याच्या त्याच्या जागंवरून. एकाच जागंवरून तिघं बोलले तर मज बाईमाणसाचा गोंधळ होतो."

सतरंजीवर हसू पसरलं. सुंदररावांनाही हसू आलं. त्यांना असला मान आवडे. संस्थेच्या कागदासाठी सटवानं खुर्ची उचलून संस्थेच्या बाजूला ठेवली. चेअरमन तिथून बोलले: यादी आमची न्हाई. मग टोपी आली, खुर्ची देवळाच्या बाजूला गेली, आणि अध्यक्ष बोलले: सरपंचाचं ऐकल्याबिगर निवाडा न्हाई. आता पोरासोरांसकट सगळे हसत होते. सुंदररावांनी टोपी काढली, चष्मा चढवला आणि टेबलाकडं निघाले.

"थांबा अप्पा," कौशल्याबाई म्हणाली. "तिसऱ्या कागदावर सही तुमची न्हाई. त्रिंबकराव, कुणाची हाय वाचा."

त्रिंबकनं कागद घेतला. खिडकी नव्हती, म्हणून तो झेंड्याकडं बघू लागला.

"वाचा की."

"सौ. सत्यभामा सुंदरराव," त्रिंबक म्हणाला. "सरपंच."

"मंग खुर्ची तिकडं न्यावी लागंल."

हसू थांबलं. सटवानं सुंदररावांकडं बघितलं. मग एकदा खुर्चीकडं बघितलं. मग काहीच न पुटपुटता ती उचलली, सतरंजीच्या कडेनं चालत गेला, बाया बाजूला सरकल्या, आणि त्यानं ती सत्यभामाबाईंच्या पुढ्यात ठेवली. पदरानं तिची गादी झटकायला छबुबाई पुढं झाली.

सत्यभामाबाई उठून उभ्या राहिल्या. खुर्चीला त्यांनी हात लावला नाही. कौशल्याबाईनं कागद त्यांच्याकडं पोचवला. बाई 'व्हय, माझीच' म्हणाली, की संपलं. मग सरपंचाच्या त्या आदेशाला तोड नव्हती, आणि छबुबाईची अर्धी घागर किती दिवस पुरणार होती.

"सांगून टाक," सुंदरराव लांबूनच म्हणाले. आवाज घरातला होता. "तुझीच सही हाय म्हणून सांग, अन् बस खाली. लोकांचा येळ जातोय."

सत्यभामाबाईंनी कागद डोळ्यांजवळ धरला. गाव आपापल्या ठरलेल्या ठिकाणी बघू लागलं. छत नव्हतं म्हणून कुणी आभाळाकडं, कुणी चपलांकडं.

"ही सही माझी न्हाई," त्या म्हणाल्या.

मग खुर्चीवर बसल्या. कमरेला ती त्यांच्याही बरी बसली.

"पर सरपंच मी हाय. त्रिंबकराव, यादी आणा."