बिनकामाची तुळई

मी एक जुनी तुळई आहे. डोंगरावरच्या एका बुटक्या घराचे छप्पर चाळीस वर्षे माझ्या पाठीवर होते. आता नाही.

मित्रांनो, मालकांनी मला स्वतःच्या हाताने तासले. दर हिवाळ्याआधी ते हात उंचावून मला टकटक वाजवत आणि कान देऊन ऐकत. आवाज भरीव आला की म्हणत, "अजून ठणठणीत आहेस!" मग बर्फ पडायचे. मी करकरायचे, पण वाकायचे नाही. मालकीणबाई म्हणायच्या, "या घरात कुरकुरतात सगळेच, पण कामाची ही एकटीच."

मालकीणबाई गेल्या. यंदा मुलीने घर दुरुस्तीला काढले. तिला ते डोंगरातूनच उगवल्यासारखे हवे होते. सिमेंट खरवडून मातीचा गिलावा केला, उन्हाच्या बाजूला मोठ्या खिडक्या आल्या. छपरावर माती पसरून गवत लावायचे ठरले. ओली माती म्हणजे भलतेच ओझे.

"बाबा, तुमची तुळई जाणार नाही," असे वचन देऊन तिने मालकांना काही महिने शहरात नेले.

आर्किटेक्टने माझ्याकडे पाहिले. "दिसायला सुंदर आहे, पण भरवसा नको." वाजवून कोणी पाहिलेच नाही. मला उतरवून माझा गाभा कापून काढला, पोकळीत लोखंडी गर्डर बसवला आणि वरून मेण चोळून मला परत जागेवर चढवले. दुखले असेल. आठवत नाही. आता भार लोखंड पेलते आणि कौतुक माझे होते. मला काहीच वाटत नाही.

मालक पावसात भिजत परतले. मुलीने त्यांना नवी खिडकी दाखवली, तिच्यापाशी ठेवलेली मऊ खुर्ची दाखवली. "आता लाकडं फोडायची नाहीत हं. नुसतं बसायचं."

मालकांनी हात वर करून मला वाजवले. आवाज बद्द आला.

"भार कोण घेतंय गं?"

"आतलं लोखंड. पण तुळई आहे ना, बाबा! जपलीय तिला."

"हो. माझ्यासारखीच जपलीयस."

मालकांनी हत्यारांची पेटी काढली, माझ्या कडेला एक लाकडी खुंटी ठोकली आणि अंगावरचा ओला कोट तिला अडकवला. "घे. एवढं तरी धर."

दुसऱ्या दिवशी मुलीने कुऱ्हाड पुन्हा दाराशी आणून ठेवली.

मित्रांनो, जुन्यांना जरूर जपा. पण आधी वाजवून बघा आणि झेपेल तेवढे काम त्यांच्याकडे राहू द्या. रोज संध्याकाळी मालक लाकडे फोडून येतात आणि घामापावसाने भिजलेला कोट अडकवतात. तो वाळेपर्यंत जड असतो. तेवढा वेळ मला कळते, की मी अजून आहे.