ऑइल म्हणजे ऑइल

मित्रांनो, मी एक जुनी मोटारगाडी आहे. रंगाने निळी, दिव्यांनी गोल आणि स्वभावाने आता जरा कुरकुरी. गोड बोलणाऱ्या गाड्या तुम्हाला पुष्कळ भेटतील. पण जिने गादीत उंदरांची वस्ती आणि आरशाला टांगलेली गुलाबाच्या वासाची पुडी सोसली, तिच्याकडून गोडव्याची अपेक्षा करू नये.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. कुणी माझे पत्रे ठोकले, कुणी सांधे जोडले. शेवटी एका जाड चष्म्याच्या कामगाराने माझे दार उघडून लावून बघितले, आवाजाला कान दिला आणि म्हणाला, "हं, आता बसलं." माझ्याविषयी मी ऐकलेले ते पहिले वाक्य. त्याचा मला अजून अभिमान वाटतो.

तिथून मी गुरांच्या डॉक्टरांकडे आले. घाण म्हणाल, तर त्या काळात मी पाहिली तेवढी दुसऱ्या कुठल्या गाडीने पाहिली नसेल. चिखलाचे गमबूट, सांडलेली औषधे, मागच्या सीटवर थरथरणारे वासरू. एकदा एका आजारी बोकडाने माझ्या गादीवर जे केले, ते मी मुलांसमोर सांगणार नाही. पण संध्याकाळी डॉक्टर बाह्या वर करून बादलीत फिनेल टाकत आणि स्वतःच्या हातांनी मला धूत. सकाळी निघण्यापूर्वी तेलाची पट्टी ओढत, तेल बोटांत चोळून हुंगत. मग जनावराच्या पोटाला लावावा तसा इंजिनाला कान लावत. "काय बाई, आज घसा बसलाय वाटतं," असे म्हणत. घाण ही लागतेच, मित्रांनो. ती रोजच्या रोज निघाली की तिचा राग येत नाही.

डॉक्टर गेले. त्यांच्या मुलांनी मला घरामागच्या पत्र्याच्या शेडखाली ढकलून ठेवले. "बाबांची आठवण आहे, विकायची नाही," असे सगळे म्हणत आणि त्या आठवणीवर सिमेंटची रिकामी पोती टाकत. माझी चाके बसली. उंदरांनी गादीतला काथ्या कुरतडून घरटी केली. त्यांच्या कितीतरी पिढ्या माझ्यात जन्मल्या आणि माझ्यातच मेल्या. मेलेल्याला बाहेर नेण्याची पद्धत उंदरांत नसते.

मग एके दिवशी चित्रकलेचे मास्तर आले. नुकतेच निवृत्त झालेले, बोटांवर वाळलेले रंग. मला बघताच दोन्ही हात पसरून म्हणाले, "काय रेषा आहे! काय रेषा आहे हो!" डॉक्टरांच्या मुलांना शेड मोकळी हवीच होती. आठवण मास्तरांच्या दारी पोहोचली.

खरे सांगायचे तर मास्तरांनी मला रंग सुरेख दिला. बसलेली चाके बदलली, इंजिन कुणाकडून तरी सुरू करून घेतले, गंज घासला, दिव्यांच्या कडा चांदीसारख्या केल्या. लोक थांबून फोटो काढू लागले आणि मीही थोडी फुशारले. पण मास्तरांची हौस पत्र्यापाशी येऊन थांबत असे. आतून वास आला, तेव्हा गादी उचलून बघायची सोडून त्यांनी तिच्यावर मखमली अभ्रे चढवले आणि आरशाला ती गुलाबाची पुडी टांगली. उंदराचे मूत आणि गुलाब! शी! नुसता उंदीर परवडला असता.

बॉनेट ते फोटोपुरते उघडत. जमलेल्यांना "हा कार्बोरेटर" असे सांगत आणि बोट भलतीकडेच ठेवत. मास्तरीणबाई दारातून म्हणत, "अहो, पुसून पुसून भोक पडेल तिला. चालते का ते बघा एकदा."

"चालते म्हणजे? धावते! तू बसून तर बघ."

"मी बसले होते. साडीला अजून वास येतोय."

अशात त्यांची लेक बाळंत झाली. मुलगी झाली. मास्तरांनी जाहीर केले, "माझी नात घरी येईल ती या गाडीतूनच."

"टॅक्सी करा सरळ," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"टॅक्सीतून कुणीही येतं."

पण पोर न्यायची म्हणून मास्तर जरा धास्तावलेच असावेत, कारण त्यांनी गॅरेजवाल्या मिस्त्रीला बोलावले. मिस्त्री म्हणजे उतावळेपणाचा पुतळा. एक पाय आमच्या दारात, दुसरा पुढच्या गिऱ्हाइकाकडे. त्याने माझ्यात डोके घातले न घातले तोच स्कूटरला किक मारता मारता ओरडला, "ब्रेक ऑइल खाली गेलंय मास्तर! भरून घ्या, विसरू नका!"

मास्तरांनी फळीवरून इंजिनाच्या तेलाचा डबा काढला.

"हेच का ते?" मास्तरीणबाईंनी विचारले.

"अगं, ऑइल म्हणजे ऑइल. आणि रंग बघ ना, कसा मधासारखा!"

मित्रांनो, ज्याला सगळे ब्रेक ऑइल म्हणतात ते मुळी ऑइल नसतेच. तो वेगळाच द्रव असतो. ब्रेकच्या रबरांना तो चालतो, तेल चालत नाही. तेलाने ती फुगून कुजतात. मास्तरांनी ब्रेकच्या डबीत ते चिकट, जाड तेल काठोकाठ ओतले आणि वर फडक्याने डबी पुसून चकचकीत केली. मला ओकता आले असते तर मी तिथेच ओकले असते. पण गाडीला जे पाजाल ते तिला प्यावेच लागते.

दवाखान्यातून निघेपर्यंत माझी रबरे टम्म फुगली होती. पुढे मास्तर आणि मास्तरीणबाई, मागे लेक आणि तिच्या मांडीवर ते दुपट्यात गुंडाळलेले बोटभर माणूस. चाके ब्रेकने अर्धवट धरूनच ठेवली होती. मी फरफटत चालले आणि तापत गेले.

"बाबा, काहीतरी जळतंय," लेक म्हणाली.

"पुढच्या ट्रकचा वास आहे तो."

"पुढे ट्रक कुठाय?"

"गेला असेल पुढे."

घराकडे जाणारा रस्ता एका मोठ्या उताराने खाली जातो आणि उताराच्या तळाशी चौक आहे. आम्ही माथ्यावर आलो. मास्तरांनी ब्रेकवर पाय दिला आणि तो चिखलात जावा तसा आत गेला. त्यांनी पुन्हा दाबला. पुन्हा दाबला, तेव्हा कुठे मी कशीबशी सावरले. मास्तरांच्या कपाळावर घाम आला. त्यांना कळले होते. मला त्याच क्षणाची सगळ्यात जास्त शिसारी आली, कारण कळूनही ते मोठ्याने म्हणाले, "वा! काय सुरेख चाललीय!"

"बाबा, पाय तीनदा का मारलात?"

"सवय असते ग चालवणाऱ्याची."

"थांबवा गाडी."

"अगं मागे लोक हॉर्न देतायत. एवढा उतार संपू दे."

"उतार संपल्यावर काय थांबवणार? आत्ता थांबवा. मी हिला घेऊन बसलेय, बाबा."

मास्तरांनी आरशात बघितले. गुलाबाची पुडी मधे लोंबत होती. ती त्यांनी हिसडून काढली, आरशात मागचे ते इवलेसे तोंड दिसले, आणि त्यांनी हँडब्रेक दोन्ही हातांनी ओढला. हँडब्रेकची तार वेगळी असते, तिला ते तेल लागलेले नव्हते. मी करकरत, धूर सोडत, उताराच्या तोंडाशीच थांबले.

लेक बाळाला घेऊन उतरली आणि भिंतीशी जाऊन उभी राहिली. मास्तरीणबाई मागोमाग उतरल्या. त्यांनी हात करून टॅक्सी थांबवली.

मास्तर तिथेच राहिले. फोनवर मिस्त्रीला म्हणाले, "तू ऑइल म्हणालास. ऑइलच घातलं मी."

"अहो, इंजिनाचं घातलंत? तसं म्हणायची पद्धत आहे फक्त!"

"मग मला नाही कळत यातलं," मास्तर म्हणाले. "गाडी घेतल्यापासून काहीच कळत नाही. नीट सांग. आणि स्कूटरवरून सांगू नकोस."

मला दोराने ओढून घरी आणले. मिस्त्रीही वरमला होता. तो रोज स्टूल टाकून बसे आणि दाखवी; हात मास्तर काळे करीत. सगळी रबरे काढली. ती भिजलेल्या पावासारखी लिबलिबीत झाली होती. नळ्या स्पिरिटने धुतल्या, नवी रबरे बसवली आणि ब्रेकचा खरा द्रव भरला. मग मास्तरांनी आपणहून मखमली अभ्रे ओढून काढले आणि गादी उचलली. खाली काय काय होते, ते विचारू नका. मास्तर तोंड दाबून नळाकडे पळाले. परत आले ते म्हणतच, "शी, शी, शी! इतके महिने मी यावर बसत होतो?"

मित्रांनो, आमचे दोघांचे एकमत झाले ते त्या दिवशी पहिल्यांदा.

त्यानंतर मास्तर रिकाम्या गाडीने तो उतार पुन्हा पुन्हा उतरले. मी दर वेळी चौकाच्या अलीकडे ठाम थांबले. मग त्यांनी लेकीला बोलावले. ती आली, पण एकटीच.

"छोटी कुठाय?" मास्तरांनी विचारले.

"आत, आईजवळ. आज मी बघते बसून."

मास्तरांचा चेहरा पडला. मग त्यांनी पुढचे दार उघडले आणि म्हणाले, "बरोबर आहे. मीही नसती आणली."

छोटी अजून माझ्यात पुन्हा बसलेली नाही. कधी बसवायचे ते तिची आई ठरवील, आणि तिने मुळीच घाई करू नये. मित्रांनो, जुनी वस्तू हौसेने घरी आणाल, तेव्हा आधी तिची गादी उचला. खुशाल नाक मुरडा, "शी" म्हणा, मग बादली घ्या. पण वासावर वास शिंपडू नका. कळत नसेल तर विचारा. रंगाची मला हौस आहे, नाही म्हणत नाही. पण माझ्या पोटात काय ओतता ते ओतण्याआधी बघा, कारण तुमची माणसे मागच्या सीटवर बसलेली असतात.