बंधारा ते पंपघर

मी पोचले त्या दुपारी अंगणात पाच कुत्री होती. पाण्याची भांडी सहा. जीपच्या मागे लोखंडी जाळीचे कप्पे सहा, त्यातल्या एकात रिकामी पोती कोंबलेली. व्हरांड्यात खुर्च्या दोन, एकीवर दोरखंडाचं वेटोळं. माणूस एक. तो माझ्या मावशीचा नवरा.

"पाच कसली, साडेचार," काका म्हणाले. "जावई अर्धाच धर. बोलावल्याशिवाय येत नाही, आणि एकदा आला की सोडत नाही."

जावई म्हणजे भिंतीच्या सावलीत घोरत पडलेला पांढरा, रुंद जबड्याचा कुत्रा. रानडुकराचा कान धरून ठेवणं एवढंच त्याचं काम. तोपर्यंत तो काकांच्या हातातल्या दोरीला बांधलेला असतो. बाकी चौघांनी वास काढायचा, डुकराला गाठायचं, भोवती उभं राहून भुंकायचं आणि त्याला जागचं हलू द्यायचं नाही, पण तोंड लावायचं नाही. काका तिथे पोचले की जावयाला सोडतात आणि भाल्याने काम संपवतात. चौघांची पुढारी एक काटकुळी तपकिरी कुत्री होती. तिचं नाव मुकादम, कारण ती स्वतः फार धावायची नाही, पण इतरांना उसंत मिळू द्यायची नाही.

"जपून भुंका रे," काकांनी सगळ्यांना सांगितलं. "घरात शास्त्रज्ञ आलीय. सगळं टिपून घेते."

शेतकी संशोधन केंद्राने मला एका साध्या प्रश्नाचं उत्तर आणायला पाठवलं होतं. डुकरं मक्याची शेतं उकरून टाकत होती. त्यांची शिकार कुत्र्यांनिशी दिवसा करावी की रात्री? जितक्या शिकारी दिवसा, तितक्याच रात्री करायच्या, डुकरं वजन करायची, कुत्र्यांच्या जखमा आणि ताप बघायचा. काका आणि मावशी इतकी वर्षं फक्त रात्रीच जायचे हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे दिवसाच्या शिकारीसाठी काकांना पटवावं लागेल अशी माझी समजूत होती. झालं उलटंच.

"रात्री नाही," काका म्हणाले.

"का?"

"डोळे."

दुसऱ्या दिवशी विचारलं तर कारण गुडघे होतं. तिसऱ्या दिवशी साप.

"साप दिवसाही असतात, काका."

"दिवसा ते मला दिसतात, मी त्यांना दिसतो. ओळखीपाळखीवर निभावतं."

मावशी जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. त्या आठ महिन्यांत काका एकदाही रात्री रानात गेलेले नव्हते.

दिवसाच्या शिकारीचा एक फायदा मी पहिल्याच सकाळी पाहिला. कालव्याच्या पलीकडे बोरूचं रान आहे, माणूस हरवेल इतकं उंच. डुकरं दिवसा त्यातल्या चिखलात लोळत पडतात. कुत्री आत घुसली की बांधावरून काही दिसत नाही, पण बोरूचे शेंडे हलतात. जिथे ते जोराने हलतात तिथे डुक्कर. काका ती जागा डोळ्यात धरून जावयाला घेऊन सरळ आत जातात. बाकी सगळा तोटाच. जमीन सुकली की वास टिकत नाही, म्हणून कुत्र्यांना खूप धावावं लागतं. आणि त्या रानात वारा शिरत नाही, त्यामुळे आत भट्टी असते.

मी केंद्रातून ठावठिकाणा कळवणारा एक पट्टा आणला होता. तो मुकादमच्या गळ्यात बांधला. दुसऱ्याच शिकारीत डुकराने तो तोडून चिखलात तुडवला. तो बाहेर काढता आला नाही, पण बिघडलाही नाही. पुढचे कितीतरी दिवस तो त्या चिखलातून इमानदारीने आपला पत्ता कळवत राहिला. केंद्राने दुसरा द्यायला नकार दिला.

"बघ," काका म्हणाले, "आमच्याकडचं एवढं एकच कुत्रं आहे, सांगितलेल्या जागी थांबणारं."

सहाव्या भांड्याचा खुलासा मुकादम कोसळली त्या दिवशी झाला. ती बोरूतून चालत बाहेर आली, पण तिरकी. मागचे पाय एकीकडे, पुढचे दुसरीकडे. जीभ काळपट लाल. मी तापमान घेतलं, एक्केचाळीस पूर्णांक सहा अंश सेल्सिअस. आम्ही तिला उचलून कालव्यात धरलं. मी तिच्या पोटावर पाणी मारत होते आणि काका जीपमधल्या रबरी चटईने वारा घालत होते. तिने मान वर उचलल्यावर ते म्हणाले, "मुकादम, सुट्टी हवी तर तोंडाने मागायची."

संध्याकाळी जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांना विनोद चालला नाही.

"गेल्या महिन्यात घड्याळ गेला," त्या म्हणाल्या. घड्याळ हा सहावा कुत्रा. "तो कशाने गेला ते तुम्हाला मी सांगितलं होतं ना? एकदा असं झालं की पुढच्या वेळी आणखी लवकर होतं. थंडी पडेपर्यंत हिला दिवसा बाहेर काढणार असाल तर मला बोलावू नका. फावडं आणा."

"हिच्याशिवाय बाकीचे तिघं सशामागे जातात, बाई."

"मग जाऊ नका."

"आम्ही नाही गेलो तर शेतकरी संघ सापळेवाल्यांना आणणार. जमिनीत सापळे पुरले की तिथे कुत्री सोडता येत नाहीत. कधीच."

"मग रात्री जा. पूर्वी जात होतात."

काकांनी मुकादमचा कान चोळला. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं, औषधाची बाटली ठेवली आणि त्या गेल्या.

आता प्रश्न केंद्राचा राहिला नव्हता. रात्री जायचं, नाहीतर मुकादम तरी जाणार किंवा रान तरी. मी व्हरांड्याच्या पायरीवर बसले. (दुसऱ्या खुर्चीवरचं दोरखंड उचलावं असं मला वाटलं नाही.) जरा वेळाने विचारलं, "काका, डोळे, गुडघे आणि साप सोडून चौथं कारण काय?"

त्यांनी जावयाला जवळ ओढलं.

"रात्री शेंडे दिसत नाहीत," ते म्हणाले. "ऐकू येतं फक्त. भुंकणं कुठून येतंय ते कळतं, पण किती लांब आहे ते नाही कळत. मी त्या दिशेने चालू लागलो तर डुक्कर पन्नास पावलांवर असेल, नाहीतर पाचव्याच पावलावर. आणि पाचव्या पावलावर असेल तर ते मला आधी भेटतं."

"मग पूर्वी?"

"पूर्वी दोन दिवे होते."

त्यांनी सांगितलं ते असं. ते बंधाऱ्यावर उभे राहायचे, मावशी पंपघराच्या छतावर. दोघांकडे एकेक मोठी विजेरी, लोखंडी स्टँडवर बसवलेली. भुंकणं एका जागी स्थिर झालं की दोघांनी आपापली विजेरी आवाजाच्या रोखाने वळवायची आणि बोल्ट आवळायचा. झोत शेंड्यांच्या जरा वरून जायचे. काका आपल्याच झोताखालून बोरूत चालत जायचे. डोक्यावर मावशीचा झोत आडवा आला की थांबायचे. डुक्कर तिथेच.

मला पटकन कळलं, कारण हे आम्ही शाळेत शिकतो. एका ठिकाणाहून फक्त रेषा मिळते. बिंदूसाठी दुसरं ठिकाण लागतं.

"मी उभी राहते," मी म्हणाले.

"तू?"

"मला ऐकू येतं आणि बोल्ट आवळता येतो. आणखी काय लागतं?"

काकांनी नाही म्हटलं नाही. पण मुकादम सावरल्यावर आम्ही निघालो, त्या रात्री त्यांनी मला पंपघराकडे नेलंच नाही. बंधाऱ्यावरच, त्यांच्यापासून थोडं पुढे, एका दगडावर माझी विजेरी ठेवली. "इथे थांब. हाकेच्या अंतरावर."

मुकादमने काम चोख केलं. भुंकणं स्थिर झालं, आम्ही दोघांनी झोत वळवले आणि ते शेजारी शेजारी, जवळजवळ समांतर, अंधारात निघून गेले. कुठेतरी लांब ते एकमेकांत मिसळलेले दिसत होते, पण कुठे ते सांगता येईना. ती जागा नव्हती, उजेडाचा एक लांबट पट्टा होता. काका त्याखालून गेले. थांबले. पुढे गेले. पुन्हा थांबले. मग बोरू एकदम मोडल्याचा आवाज आला, काका ओरडले, जावई दोरीसकट सुटला. डुक्कर काकांच्या उजव्या बाजूने गेलं, इतक्या जवळून की त्यांच्या विजारीला चिखल लागला. शिकार मिळाली नाही. जावयाच्या खांद्याला चार टाके पडले.

घरी आल्यावर मी कुत्र्यांच्या खाद्याच्या रिकाम्या पिशवीवर आकृती काढली. दोन ठिपके जवळ, मग दोन ठिपके लांब.

"हे बघा. आपण जवळजवळ उभे राहिलो तर दोघांना जवळपास एकच ऐकू येतं. माझ्या दुसऱ्या रेषेचा उपयोगच होत नाही. हात जरा इकडे तिकडे झाला की छेद शंभर पावलं सरकतो. मी लांब जायला हवं."

"किती लांब?"

"मावशी होती तितकी."

काकांनी पिशवी उलटी केली, सुलटी केली. "तिला मी दरवर्षी म्हणायचो, जवळ ये, छत नको, काही झालं तर मला तुझी हाकसुद्धा ऐकू येणार नाही. तर म्हणायची, मी जवळ आले तर तुम्हाला माझा उपयोग काय?" ते थोडंसं हसले. "मला वाटायचं टोमणा मारतेय."

"टोमणाही असेल."

"असेल. तिचं दोन्ही असायचं."

जावयाचे टाके निघाल्यावर आम्ही पुन्हा गेलो. पंपघराला मागून लोखंडी शिडी आहे. विजेरी पाठीला बांधून मी चढले. छतावर सिमेंटमध्ये रोवलेला स्टँड होता. इतके महिने वापरला नव्हता, म्हणून बोल्ट गंजला असेल असं धरून मी पाना आणला होता. त्याची गरज पडली नाही. बोल्टवर ताजं ग्रीस होतं.

खालून काकांनी शेवटचा नियम सांगितला. "एकदा झोत रोखलास की हात काढायचा. कुत्री जरा सरकली तरी तू सरकायचं नाही. मी तुझ्या भरवशावर चाललेला असतो. काम झालं की दोन लांब शिट्ट्या."

मग ते बंधाऱ्याकडे गेले आणि मी एकटी राहिले.

मावशी शिकारीला जाते असं आम्ही घरात म्हणायचो. प्रत्यक्षात ती इथे बसायची. इथून डुक्कर दिसत नाही, कुत्री दिसत नाहीत. खाली पंप घुमतो, तो बंद पडला की बेडूक. बंधाऱ्यावर एक दिवा दिसतो आणि त्याच्यामागे माणूस असणार हे माहीत असतं. डुकराबद्दल काहीतरी विचारावं म्हणून मी एकदा काकांना म्हटलं होतं, मावशी भालाही चालवायची का? ते म्हणाले होते, "तिने जिवंत डुक्कर कधी जवळून पाहिलं नाही गं."

मुकादमचा आवाज आधी आला. मग बाकीच्या तिघांचा: पावशेरचा, रडकीचा, शेवटी पोस्टमनचा. आवाज फिरत राहिला, लांब गेला, वळला आणि थांबला. मी डोळे मिटले, कारण डोळे उघडे असले की मान दिव्याकडे वळते. रोख घेतला, विजेरी वळवली, बोल्ट आवळला आणि हात काढला. कालव्यावर ओल धरली होती, त्यामुळे झोत अखेरपर्यंत दिसत होता. काही क्षणांनी बंधाऱ्यावरून दुसरा झोत आला आणि माझ्या झोताला आडवा छेदून गेला. यावेळी पट्टा नव्हता. चौकटीच्या कोपऱ्यासारखा स्वच्छ छेद होता.

त्यानंतर करण्यासारखं काही नव्हतं. भुंकणं किंचित डावीकडे सरकल्यासारखं वाटलं. हात बोल्टकडे गेला, मी तो मांडीखाली दाबून ठेवला. काका आत गेले असतील की नाही, कळत नव्हतं. हाक मारून उपयोग नव्हता. मग भुंकणं एकदम तुटलं, एक किंकाळी आली, लांबलचक, आणि बंद झाली. बेडूकही गप्प होते. मी छताच्या कडेला उभी राहून ऐकत होते, आणि ऐकू येण्यासारखं काहीच नव्हतं.

शेवटी दोन लांब शिट्ट्या आल्या.

डुक्कर म्हणजे चौऱ्याण्णव किलोचा नर होता. जावयाला ओरखडासुद्धा नाही. मुकादमचं तापमान मी दोनदा घेतलं, कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही. एकोणचाळीस पूर्णांक चार. ती जीपच्या चाकाशी बसून इतर तिघांच्या पाणी पिण्यावर देखरेख करत होती.

"वर कसं वाटलं?" काकांनी विचारलं.

"थंड," मी म्हणाले. "आणि तुम्ही शिट्टी फार उशिरा वाजवता."

"हं." त्यांनी भाला पुसला. "हेही ती म्हणायची. आजवर मला कळलं नव्हतं किती उशिरा ते. मी इकडे असतो ना. इकडे घाई असते."

थंडी पडेपर्यंत आम्ही रात्रीच गेलो. मुकादम एकदाही कोसळली नाही, आणि संघाने सापळेवाल्यांना कळवलं की तूर्त येऊ नका. मी निघायच्या आदल्या सकाळी केंद्राचा अहवाल पुरा करत होते. त्यात पद्धत लिहायची होती, आणि पद्धतीत दोन्ही जागांमधलं अंतर.

"लिही की, लांब," काका म्हणाले.

"किती लांब?"

"हाक पोचत नाही इतकं."

"असं लिहिता येत नाही, काका. तुम्ही कधी मोजलं नाहीत?"

"कशाला मोजायचं? रोज दिसत होतं की."

मी जीपमधून मोजपट्टी काढली. काकांनी तिचं एक टोक बंधाऱ्याच्या कठड्याशी धरलं आणि मी दुसरं घेऊन चालू लागले. पट्टी संपली की मी खुंटी ठोकायची, काका खुंटीपर्यंत यायचे, मी पुढे जायचे. मुकादम दोघांच्या मधून चालत होती. शेवटच्या वेळी पट्टी पंपघराच्या भिंतीला टेकली आणि मी आकडा मोठ्याने वाचला.

तीनशे अठ्ठेचाळीस मीटर.