न भांडलेलं घर

“ही दाढी कसली वाढवलीस? बाप मरायच्या आधीच सुतक धरलंस का रे?”

माझा नवरा दोनातो पलंगावरून पोराला हे म्हणाला आणि माझ्या हातातल्या किटलीतली कॉफी चुलीवर सांडली. आमचा जेरार्दो कामावर निघाला होता. किल्ल्या खुंटीला अडकवून, खिसे रिकामे करून, टोपी हातात घेऊन दारापर्यंत पोचला होता. कामावर निघालेल्या माणसाला आमच्या घरात सकाळी कुणी वाकडा शब्द बोलत नसे. चाळीस वर्षांत कुणीच बोललं नव्हतं.

“पापा, काय झालं तुम्हाला?”

“मला काय व्हायचंय? परवा तू उडवून पाहिलास तो गोळा मी खिडकीतून बघितला. त्याला लाल म्हणतात? पाणी घातलेली वाइन बरी.”

जेरार्दोचे कान तापले. “तुम्हीच शिकवलंत ना?”

“गाढवाला शिकवलं, ही चूक झाली खरी.”

जेरार्दोने टोपी टेबलावर टाकली आणि खुर्चीत बसला. त्या दिवशी तो गेला नाही. सूनबाई लीना माझ्याकडे बघत राहिली आणि मी चूल पुसत राहिले.

आमचं काम शोभेच्या दारूचं. दोनातो सालेर्नोजवळच्या डोंगरातून पेनसिल्व्हेनियात आला तो रंगांची मापं डोक्यात घेऊन. इथल्या टेकडीवर त्याने गोळ्यांत दारू भरायला लाकडी खोपट्या बांधल्या, एकमेकींपासून लांब लांब, म्हणजे एक गेली तरी दुसरी राहील. आत लोखंड न्यायचं नाही, बुटाला खिळा नको, अंगात लोकर नको. दाराजवळच्या तांब्याच्या पत्र्याला हात लावायचा, अंगातली ठिणगी तिथेच सोडायची आणि मग आत पाऊल टाकायचं. आणि ज्या घरात सकाळी भांडण झालं, त्या घरातल्या माणसाने त्या दिवशी खोपटीत जायचं नाही. रागाचा हात जड पडतो, असं आमच्यात म्हणतात. आमची माणसं एखादे वेळी चर्च चुकवतील, पण हा नियम चुकवणार नाहीत.

दोनातोच्या धाकट्या भावाने, नुंत्सिओने, एकदाच चुकवला. बायकोशी, फिलोमेनाशी, कोंबड्यांच्या खुराड्यावरून वाजलं होतं. तो हसला, म्हणाला, बायकांचं काय मनावर घ्यायचं, आणि वर गेला. दुपारी आम्ही धावत टेकडीवर पोचलो तेव्हा तिथे खोपटी नव्हती. फिलोमेनाला कुणी एका शब्दाने बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती.

त्या दिवसापासून मी तोंडाला कुलूप लावलं. मी भित्री बाई आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. रेल्वेचे डबे एकमेकांना धडकले की माझे हात पिठातच थांबायचे. ढग गडगडले की मी टेकडीकडे बघायची आणि धूर नाही याची खात्री होईतो श्वास घ्यायची नाही. पोलाद कारखान्याचा दुपारचा भोंगा झाला, दोनातो जेवायला उंबरठ्यावर दिसला, की मग मी ताटं मांडायला घ्यायची. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, “एर्मिनिया म्हणजे गाय आहे गाय.” कसली गाय? मी माझ्या आईची लेक. खेचरं विकणारे दलाल आमच्या दारावरून जाताना आवाज खाली करायचे, असा तिचा लौकिक होता. पण सकाळी भांडायचं नाही म्हटल्यावर रात्रीही भांडता येत नाही, कारण रात्रीच्या मागे सकाळ असतेच.

आता दोनातोचं हृदय थकलं होतं. पाय सुजून मुसळं झाले होते. तो पुन्हा कधी टेकडी चढणार नव्हता. माझी भीती संपायला हवी होती, पण ती फक्त बापावरून पोरावर गेली.

दुसऱ्या दिवशी दोनातोने पोराला चर्चमधली प्रार्थना चुकवल्यावरून धरलं. तिसऱ्या दिवशी तर लीनाच्या बापाचा उद्धार केला, तिच्यादेखत. जेरार्दो रागाने पांढरा पडला आणि घरात बसला. आमच्या संताचा, सान रोक्कोचा, उत्सव जवळ आला होता. गोळे किती झाले, असं विचारायला फादरने माणूस पाठवला, आणि जेरार्दोला त्याला काय सांगावं कळेना.

दुपारी मी दोनातोचे पाय धूत होते. म्हटलं, “जन्मभर मला चूं करू दिलं नाहीस, आणि आता जाताना तुला भांडायची हौस आली?”

“हौस नाही. सांगून बघितलं मी त्याला. म्हटलं, विक सगळं, कारखान्यात लाग. ऐकत नाही. मी तरी कुठं ऐकलं होतं माझ्या बापाचं?” त्याला धाप लागली. “पण नियम पाळतो पोरगा. उत्सवापर्यंत घरी बसला की फादर काम दुसऱ्याला देईल. एकदा काम गेलं की धंदा गेला.”

“अरे, पण तू कशाला घाबरतोस? तू तर शीळ घालत वर जायचास.”

“ती तुला ऐकू यावी म्हणून घालायचो. वळणापलीकडे गेलो की तोंड कोरडं पडायचं.” तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “तुला काय वाटलं, भीती तुला एकटीलाच होती?”

मी त्याचे पाय पुसले.  चाळीस वर्षं आम्ही दोघं एकाच पलंगावर आपापली भीती घेऊन निजलो होतो.

शेवटच्या सकाळी त्याने जेरार्दोच्या चालण्याला नावं ठेवायला सुरुवात केली आणि वाक्य अर्ध्यात राहिलं. तेवढंही पुरलं. भांडणामुळे पोरगा घरी होता, म्हणूनच दुपारी बापाचा हात त्याच्या हातात होता. दोनातो गेला तेव्हा चुलीवर पाणी उकळत होतं, आणि त्याच्या जाण्याचा एवढासुद्धा आवाज झाला नाही.

मातीला गाव लोटलं. फिलोमेना माझ्याशेजारी उभी राहिली आणि तिने माझा दंड शेवटपर्यंत सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच जेरार्दो सुती सदरा घालून उभा. डोळे सुजलेले. किल्ल्या त्याने खुंटीला अडकवल्या आणि खिसे रिकामे केले.

“पापांच्या नावानं उडवणार आहे यंदा,” तो म्हणाला. “दिवस थोडे आहेत, पण होईल.”

लीना हसली. ते हसू मी ओळखलं. मी जन्मभर तसंच हसले होते.

मी दारापुढे गेले. “ते बूट कसले रे? पुसता येत नाहीत?”

तो माझ्याकडे बघून ओशाळवाणं हसला. “मम्मा, मला अडवायला पापांनी सांगितलंय ना तुला? ते तरी मनापासून बोलायचे. तुझं लटकं आहे. लटकं भांडण धरत नाहीत.”

“लटकं नाही. तू... तू आळशी आहेस. तू...”

 या पोराविरुद्ध माझ्याजवळ काही नव्हतंच. त्याने हळूच मला बाजूला केलं आणि दाराला हात घातला. आणखी ओरडले आणि तरीही तो गेला तर? नुंत्सिओसारखा हसून गेला तर? मी दाराकडे पाठ केली. आणि मग रिकाम्या पलंगाकडे बघून मीच बोलायला लागले.

“माझी आई मरत होती. बहिणीनं तीनदा बोलावणं पाठवलं. तुझा बाप म्हणाला, उत्सव होऊ दे. काम सोडून कसं जायचं? उत्सव झाला आणि आई गेल्याचं कळलं. मी रडले नाही, कारण दुसऱ्या दिवशी तो वर जाणार होता. ऐकलंस दोनातो? मी रडले नाही! तुझे ते गोळे चांगले फुटावेत म्हणून मी आईसाठी रडले नाही!”

माझा आवाज मला ओळखू येत नव्हता. समोरच्या घराची खिडकी उघडली. मी थांबले नाही. माझ्या पहिल्या पोरीला, जेरार्दोच्या थोरल्या बहिणीला, गोवर आला तेव्हा तो कुठे होता, ते मी विचारलं. चारचौघांत त्याने फिलोमेनाच्या हातच्या सॉसची तारीफ केली होती, तेही विचारलं. एकामागून एक सगळं वर येत होतं, लहानमोठं, काही क्रम नसलेलं. आणि प्रत्येक शब्दागणिक मला त्या माणसाची उणीव जास्तच भासत होती.

जेरार्दोचा हात दारावरून खाली आला. तो येऊन बापाच्या पलंगाच्या कडेवर बसला आणि त्याने तोंड ओंजळीत धरलं.

लीनाने दाराला आतून कडी घातली. मी बोलतच राहिले.