जानरावांच्या विहिरीचं पाणी

ज्या पाण्यानं आपल्याला जन्मभर छळलं, तेच पाणी आपला पोरगा अमरावतीत बसून मुद्दाम तयार करतो, हे जानरावांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना पोराच्या डोक्याची काळजीच वाटली.

श्याम तंत्रनिकेतनात शिकवायचा. साईनगरातल्या त्याच्या फ्लॅटमध्ये, दिवाणखान्याच्या भिंतीशी काचेची हातभर रुंद पेटी होती आणि तिच्यात समुद्रातले पाच मासे. त्यांच्यासाठी तो नळाचं पाणी यंत्रातून गाळून घ्यायचा. चार बादल्या आत गेल्या की एक बादली निर्मळ पाणी हाती लागायचं. मग त्या निर्मळ पाण्यात तो पिशवीतलं मीठ ओतायचा, ढवळायचा, डोळ्याशी नळी धरून त्याचा खारटपणा मोजायचा.

"गोड पानी खारं करून राहिला?" जानरावांनी विचारलं. "लेका, हेच करायचं होतं तं गावात काय कमी होतं?"

"बाबा, हा समुद्राचा खार आहे."

"खार म्हनजे खार. त्याले काय जात असते?"

श्याम हसला आणि ढवळत राहिला. पण जानरावांचं म्हणणं अगदीच वेडगळ नव्हतं. त्यांचं गाव दर्यापूरच्या पुढं, खारपाणपट्ट्यात. तिथं जमिनीत कुठंही खणा, पाणी खारट. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि पोरगी द्यायची वेळ आली की बाहेरची माणसं आधी विहीर पाहतात, मग जावई. जानरावांच्या वडिलांनी स्वतः खपून साठ फूट विहीर खोदली होती. पाणी भरपूर लागलं, पण असलं की त्यानं ना पीक भिजलं ना कोणाची तहान भागली. एकदा मातीपरीक्षणवाला माणूस येऊन पाणी तपासून गेला आणि कागद हातात ठेवून म्हणाला, काका, तुमच्या पाण्यात सोडा आहे, जमिनीला दाखवूसुद्धा नका. तेव्हापासून शेतीपुरती ती विहीर नुसती उभी होती. जानरावांना मात्र तिची माया होती. बापाच्या हातचं काम, टाकून कसं द्यायचं?

चैत्रात पार्वताबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि दोघं नवरा-बायको महिना-दीड महिन्यासाठी श्यामकडं राहिले. पार्वताबाईंना चालायचं थोडं आणि बसायचं फार. बसायची खुर्ची सुनेनं, आकांक्षानं, पेटीसमोर टाकून दिली. झालं! बाईंना बोलायला माणसं मिळाली. माशांत एक जोडी होती, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे. त्यातली मोठी ती बायको आणि लहानसा तो नवरा, हे श्यामनं सांगितल्यावर पार्वताबाई इतक्या हसल्या की टाके दुखले.

"पाहा," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "इथं बाई मोठी असते. अन् तो कसा तिच्या मांगं मांगं फिरून राहिला."

"त्याले शेतात जायचं नसते," जानराव म्हणाले.

मोठीला पार्वताबाईंनी 'ठकी' नाव ठेवलं. लहान्याला नावच नव्हतं, त्याला त्या 'जावईबुवा' म्हणत. सकाळी उठल्यावर आधी पेटीपाशी, मग चूळ भरायला. गावाकडं बोलायला वेळ नसलेली ही बाई इथं ठकीशी तासन् तास बोलायची. जानराव पेपराआडून ऐकत बसायचे आणि त्यांना बरं वाटायचं. बायकोचा इतका आवाज त्यांनी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

वैशाख लागला, पारा पंचेचाळीसला टेकला. पेटीतलं पाणी रोज दोन बोटं उडून जायचं. श्याम सकाळी तेवढं निर्मळ पाणी वरून घालायचा. अशात त्याला परीक्षेच्या कामावर पाच दिवस यवतमाळला जावं लागलं. जाताना त्यानं काचेवर पेनानं रेघ मारली आणि वडिलांना निळा कॅन दाखवला. "रोज सकाळी या रेघेपर्यंत यातलं पानी टाका. दुसरं काई करू नका."

जानरावांनी मान हलवली. पण शेतकऱ्याच्या डोक्याला सांगितलेलं काम विचार केल्याशिवाय करवत नाही. खारं पाणी कमी झालं आणि आपण गोड घालतो, तर चार दिवसांत ते पांचट नाही का होणार? तसंच त्यांना श्यामची कीव येत होती. नोकरी करून आल्यावर पोरगा बादल्या भरतो, ढवळतो, मोजतो. उन्हाळ्यात पाण्याची ही ओढाताण, आणि चार बादल्यांतल्या तीन मोरीत. आणि तिकडं बापाची साठ फूट विहीर काठोकाठ!

दुसऱ्याच दिवशी गावी विजेच्या मीटरचं काम आहे असं सांगून ते दर्यापूरच्या बसमध्ये बसले, तिथून जीपनं गावात. विहिरीत त्यांनी दोर सोडला. "चाल बाप्पा," ते विहिरीला म्हणाले, "तुह्यं बी काम निघालं एकदाचं." दोन कॅन भरून ते संध्याकाळी परत आले. कॅन बाल्कनीत ठेवले आणि पुढचे तीन दिवस रेघेपर्यंत तेच पाणी घातलं. निळा कॅन तसाच भरलेला राहिला. श्याम आला की त्याला सांगायचं, पोरगा थक्क होईल, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी निळा मासा तळाशी जाऊन आडवा झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी पार्वताबाईंनी हाक मारली ती अशी की आकांक्षा पोळी तव्यावर टाकून धावली. जावईबुवा पाण्यावर तरंगत होता. निळा आणि बाकीचे दोन मासे दगडाआड मरून पडलेले. ठकी एकटी कोपऱ्यात उभी, तोंड उघडत होती, मिटत होती.

"अवं पोरी, श्यामले फोन लाव," पार्वताबाई म्हणाल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

श्याम दुपारीच येऊन पोचला. आल्या आल्या त्यानं काचेच्या नळीत पेटीतलं पाणी घेतलं, त्यात औषधाचे थेंब टाकले आणि रंग पाहून कपाळाला हात लावला.

"यात सोडा कुठून आला?"

सोडा. मातीपरीक्षणवाल्याचा कागद जानरावांच्या डोळ्यांपुढं उभा राहिला. इतरांना माहीत नसेल, त्यांना तर माहीत होतं! विहिरीच्या मायेपायी ते एवढं कसं विसरले?

"कोनी काय टाकलं?" श्यामचा आवाज चढला.

जानरावांनी तोंड उघडलं. पण समोर पार्वताबाई बसल्या होत्या, ओल्या डोळ्यांनी ठकीकडं पाहत. जानरावांनी पेपर उचलला. तेवढ्यात आकांक्षा पुढं झाली. तिनं एकदा बाल्कनीकडं पाहिलं, एकदा सासऱ्यांकडं.

"माझ्याकडून झालं," ती म्हणाली. "काच पुसायला खायचा सोडा घेतला होता. तोच हात पाण्यात गेला असेल."

"तुला किती वेळा सांगितलं होतं, आकांक्षा!" श्याम पुढं पुष्कळ बोलला. ती खाली मान घालून ऐकत राहिली. आणि सत्तरीचा, गावात पाच माणसांचे निवाडे करणारा बाप्या पेपर तोंडापुढं धरून बसून राहिला. पेपर उलटा नव्हता, पण वाचता एक अक्षर येत नव्हतं. स्वतःची इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

श्यामनं पेटीतलं निम्मं पाणी बदललं. ठकी रात्रभर टिकली. सकाळी त्यानं शांतपणे सांगितलं, "मी हे बंद करतो. अकोल्याच्या गोवर्धनकडं मोठी पेटी आहे, ठकीले तिकडं देऊ. आता मले पाहवत नाई."

पार्वताबाई म्हणाल्या, मी पोचवायला येते. गुडघा दुखेल म्हटलं तर म्हणाल्या, दुखू दे. आकांक्षाही शिक्षिका, तिला निकालाच्या कामाला शाळेत जायचं होतं. श्याम, जानराव आणि पार्वताबाई गाडीत बसले. ठकीची पाण्यानं भरलेली पिशवी छोट्या बादलीत, आणि बादली पार्वताबाईंच्या पायांशी. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं. प्रत्येक गावाला जानराव घसा साफ करायचे आणि पुन्हा खिडकीबाहेर पाहायचे.

गोवर्धन चाळिशीचा, हसरा माणूस. त्याच्या घरात भिंतभर पेटी होती. "हे सगळे दुसऱ्यांचे मासे," तो जानरावांना म्हणाला. "एकाची बदली झाली, एकाच्या घरी बाळ आलं, एकाच्या इथं दिवसभर लाईट नव्हती अन् अर्धे गेले. हौसेनं आणतात. पण पहिला मासा डोळ्यांसमोर गेला, की उरलेले माझ्याकडं आणून सोडतात."

ठकीला लगेच पेटीत सोडायचं नव्हतं. गोवर्धननं तिला बादलीत घेतलं, आणि पेटीतून एक बारीक नळी काढून तिला गाठ मारली. नळीतून बादलीत थेंब पडू लागले. एक, मग जरा थांबून दुसरा.

"दीड तास लागेल," तो म्हणाला. "नव्या पान्याची सवय हळूहळू झाली पाहिजे. मग मले सांग, बाकीचे कशानं गेले?"

"बायकोनं सोड्याचा हात घातला," श्याम म्हणाला. "आता तिले काय बोलायचं?"

परक्याच्या घरात सुनेचं नाव निघालं आणि जानरावांना ते सहन झालं नाही.

"खोटं आहे ते," ते उठून उभे राहिले. "पोरीनं हात नाई लावला. मी टाकलं. आपल्या विहिरीचं पानी. दोन कॅन आनले होते गावाहून. मले वाटलं तुले सोपं जाईन. सगळे मासे मी मारले, श्याम. अन् ती माह्यावरचं आपल्या डोक्यावर घेऊन उभी राहिली, अन् मी पेपर वाचत बसलो."

श्यामनं वडिलांकडं पाहिलं. मग आकांक्षाला फोन लावत तो ओसरीत गेला. "तू काहून सांगतलं नाई मले?" एवढंच आत ऐकू आलं, आणि मग त्याचं नुसतं हं, हं. थोड्या वेळानं त्यानं फोन आणून वडिलांच्या कानाशी धरला.

"पोरी, चुकलो व मी," जानराव म्हणाले.

"बाबा, ऊन लय आहे," पलीकडून आकांक्षा म्हणाली. "जेवून निघा. आईंना गाडीतून हळू उतरवा."

श्याम आणि गोवर्धन आत पेटीची यंत्रं पाहायला गेले. बादलीशी दोघं म्हातारी राहिली. पार्वताबाईंची नजर नळीच्या टोकावर होती.

"तू बी बोल मले काय बोलायचं ते," जानराव म्हणाले.

"काय बोलू?" थेंब पडला. "इतकुशी मासोळी, अन् तिच्यासाठी दीड तास. मी परतवाड्याकडची, संत्र्याच्या बागेतली. तुमच्या घरात आली त्या दिवशी पयला तांब्या तोंडाले लावला अन् पदरात थुंकली. तुमच्या मायनं पाह्यलं. म्हने, होईन सवय. अन् ठेवला दुसरा तांब्या पुढं."

हे जानरावांना ठाऊकच नव्हतं. पन्नास वर्षं झाली होती. गावात नळ आत्ता आत्ता आला, तोही आठवड्याला एकदा. त्याआधी ही बाई डोक्यावर गोडं पाणी आणायची ते पोरांसाठी आणि त्यांच्यासाठी. स्वतः काय प्यायची, त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"कधी बोलली नाई तू."

"तुमी तरी कुठं इचारलं?"

हात पुढं करून त्यांनी बायकोचा हात धरला. दिवसाउजेडी, परक्या घरात, असं ते जन्मात वागले नव्हते.

"पार्वता, तू आता राय श्यामकडंच. तिथं रोज नळाले गोडं पानी आहे. मी गावाकडं एकटा राहीन. माह्यं होईन कसंबी."

पार्वताबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं आणि गालातल्या गालात हसल्या.

"अन् मी तिथं राहून काय करू? दीड महिन्यापासून श्यामच्या घरचा चहा मले गोड लागून नाई राहिला. पांचट लागते. आकांक्षा आत गेली की कपात चिमूटभर मीठ टाकतो मी. तवा कुठं आपल्या घरचा वाटते. कोनाले सांगू नोका."

जानरावांना हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. ते काही म्हणणार तेवढ्यात गोवर्धनची बायको सत्यभामा ट्रे घेऊन आली. तिनं दोघांच्या हातात कप दिले, साखर बरोबर आहे ना म्हणून विचारलं.

"साखर बरोबर आहे, बाई," जानराव म्हणाले. "पन थोडं मीठ देसान का? दोघाईच्या कपात."