पात्यावरची फोड

मी चाकू बोलतोय. दचकू नका, कुणाला कापायला आलेलो नाही. माझं पातं आता धड उघडतही नाही. स्वयंपाकघरातल्या सगळ्यात खालच्या खणात पडलोय. सोबतीला सुतळीचा गुंडा, संपलेल्या बॅटऱ्या आणि एक किल्ली, जिचं कुलूप कुठंय ते तिलाही ठाऊक नाही. मला गोडगोड बोलता येत नाही, आधीच सांगतो. जन्म आगीतला, आयुष्य मातीतलं. पण वर जेवणाच्या टेबलावर जे चाललंय ते ऐकून माझं लोखंड तापलंय. आता गप्प राहवत नाही.

थांबा, पहिल्यापासून सांगतो.

एका लोहाराने मोडक्या करवतीतून मला घडवलं. घडी घालून खिशात ठेवायचा चाकू, लाकडी मुठीचा. घ्यायला आला तो भाजी पिकवणारा माणूस. तेव्हा जवान होता, पण राग तेव्हाही नाकाच्या शेंड्यावर. "धार लावतोयस की गुदगुल्या करतोयस?" म्हणून लोहारावरच खेकसला. लोहार काय कमी होता? "बोट फिरव, मग बोल," म्हणाला. याने फिरवलं. भळकन रक्त आलं. बोट तोंडात घालून हा म्हणतो कसा, "हां. हा माझा."

तिथून पुढं तो असेतोवर मी त्याच्या उजव्या खिशात. डाव्या खिशात कागदाच्या पुडीत मीठ.

मीठ कशाला? तर त्याची एक रीत होती. सकाळी मळ्यात गेला की प्रत्येक वाफ्यातलं एक काढायचं. मुळा असो, गाजर असो, काकडी असो. माती झटकून बाहीला पुसायचं, माझ्या पात्याने फोड कापायची, चिमूटभर मीठ लावायचं आणि पात्यावरूनच थेट तोंडात. डोळे मिटून चावायचा. आवडलं तर "हं!" म्हणून वाफा काढायला घ्यायचा. नाही आवडलं तर थू करून लांब थुंकायचा, आणि तो सगळा वाफा गुरांना. "जे माझ्या तोंडात टिकत नाही ते मी लोकांच्या पिशवीत घालणार नाही," असा त्याचा हट्ट. गिऱ्हाइकं उगाच नाही त्याच्या भाजीच्या गाडीभोवती गर्दी करायची.

बायको लवकर गेली. एकच लेक, तिला एकट्याने वाढवलं. लेक शिकली, शहरात नोकरीला लागली, तिचं लग्न झालं, मुलगी झाली. ती नात सहा वर्षांची असताना सुट्टीला आली. भाताचं एकेक शीत उचलून खायची, म्हणून म्हाताऱ्याने पहिल्याच दिवशी तिचं नाव मुंगी ठेवलं.

आणि भाजी? छ्या! भाजीला बोटही लावायची नाही. घेवड्याच्या शेंगा ताटाखाली सरकवायची. एकदा तर मोज्यात सापडल्या.

आता तुम्हीच सांगा. ज्याच्या मळ्यातली भाजी लोक मिटक्या मारत खातात, त्याच्याच घरात नात ती मोज्यात लपवते! म्हाताऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"खा."

"नको."

"अगं, मी पिकवलीय ती! तुझ्या आजोबाने!"

"मग तुम्हीच खा ना."

झालं. टेबलावर मूठ आपटली. मी तिथंच पडलो होतो, हातभर उडालो. "ताट रिकामं झाल्याशिवाय उठायचं नाही!"

खरं सांगू का? म्हातारा पिकवण्यात वाघ होता, पण शिजवायला बसला की बोंब. शेंगा उकडून उकडून त्याने पार लगदा केलेला. पण त्याला सांगणार कोण?

पोरगी बसून राहिली. तीही त्याच्याच रक्ताची. खाली लोंबणारा पाय टेबलाच्या पायावर आपटत राहिली. टक, टक, टक. शेंगा गार झाल्या. ऊन भिंतीवरून खाली उतरलं. शेवटी तिने एक शेंग तोंडात घातली, न चावता गिळली, आणि सगळं उलटून पडलं. ताटात, फ्रॉकवर, म्हाताऱ्याच्या पायावर.

नेमकी त्याच वेळी लेक दारात उभी. पोरीला न्यायला आली होती.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, म्हाताऱ्याला ओरडून उत्तर देता आलं असतं. तिने पोरीचं तोंड धुतलं, फ्रॉक बदलला, बॅग भरली. मग म्हणाली, "बाबा, मलाही तुम्ही असंच बसवायचात. याच खुर्चीवर. आजही बाजारात दुधी नुसता दिसला तरी मी वाट बदलते. तुमच्यासमोर खाते, कारण तुमची भीती वाटते. माझ्या लेकीचं मी असं होऊ देणार नाही."

फाटक वाजलं. म्हातारा ओला पाय घेऊन तसाच उभा.

दीड वर्ष मुंगी आली नाही. म्हातारा फोन करायचा. लेक बोलायची, पण तुटक. "मुंगीकडं दे की जरा." पलीकडे कुजबुज. मग, "नको म्हणतेय, बाबा." हा लगेच फोन ठेवायचा आणि कोपऱ्यातल्या बादलीवर डाफरायचा.

मळ्यात मात्र वेगळंच सुरू झालं. चाखताना तो एकाऐवजी दोन फोडी कापायला लागला. एक खायचा. दुसरी माझ्या पात्यावर तशीच धरून उभा राहायचा, वाटेकडं बघत. उन्हात ती सुकायची, कडा वळायच्या. मग झटकून टाकायचा. माझ्यावर चिखल बसलाय, चीक बसलाय, त्याचं रक्तही बसलंय. पण त्या सुकल्या फोडीइतकं जड काहीच नव्हतं.

मग एकदा लेकीला कामासाठी चार दिवस परगावी जावं लागलं. पोरीला सांभाळायला दुसरं कुणीच नव्हतं. दारात पाऊल टाकायच्या आधी तिने बापाला बजावलं, "खाण्यावरून एक शब्द नाही. नुसता भात खाल्ला तरी चालेल. कबूल?"

"कबूल," म्हातारा म्हणाला.

आता रागीट माणसाला गप्प बसायला सांगणं म्हणजे उकळत्या भांड्यावर झाकण दाबून धरणं. जेवताना मुंगी भातातून वाटाणा वेचून बाजूला ठेवायची. हा बघायचा, दातओठ खायचा, उठून थेट मळ्यात जायचा आणि कोबीवर ओरडायचा. "खायचं नाही तुला? नको खाऊस! मर तिकडं! माझ्या बापाचं काय जातंय!"

दुसऱ्या दिवशी मागून खुदकन हसायचा आवाज आला. मुंगी कुंपणाला धरून उभी.

"आजोबा, कोबीने काय केलं?"

"ऐकत नाही मेला."

"त्याला कान कुठंयत?"

"नुसते कानच तर आहेत, एकावर एक! तरी ऐकत नाही." मग दोघंही हसले. दीड वर्षाने.

तिसऱ्या सकाळी ती त्याच्या मागे मागे आली. त्याने मला उघडलं, मुळा काढला, पुसला, कापला, तोंडात टाकला. मुळा जून झालेला, नुसत्या दोऱ्या. म्हाताऱ्याने तोंड वाकडं केलं आणि थू करून असा थुंकला की थेट पलीकडच्या वाफ्यात.

मुंगीचे डोळे मोठे झाले. "आजोबा, तुम्ही थुंकलात?"

"मग? नाही आवडलं तर थुंकणारच की."

"मग मला का नाही थुंकू दिलं?"

मी त्याच्या हातात होतो. दुसरी फोड कापायला उचललेला हात त्याने खाली घेतला. चाळीस वर्षं रोज सकाळी थुंकणारा माणूस. आधी लेकीला आणि मग नातीला ती मुभा द्यायला विसरला होता. त्याच्या डोक्यातच कधी आलं नाही, की त्यांनाही स्वतःचं तोंड आहे.

तो मातीत खाली बसला, तिच्या उंचीला आला.

"चुकलं माझं," म्हणाला. हे दोन शब्द मी त्याच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा ऐकले. एवढ्या वर्षांत लोहारालाही म्हणाला नव्हता.

मग म्हणाला, "चाखायचं असलं तर चाख. नको वाटलं तर थुंक. लांब थुंक. कुणी काही बोलणार नाही."

"नक्की?"

"आईला दिलेला शब्द मोडलाय का मी?"

"कोबीवर ओरडलात."

"कोबीवर ओरडायचं नाही असं कुठं ठरलं होतं?"

तिने मुळा घेतला, चावला, थुंकली. म्हातारा गंभीरपणे म्हणाला, "एक हात. अजून जोर लाव." काकडीचा देठाकडचा कडू तुकडा, थू! "दोन हात. शाब्बास." कोबीचं पान, थू! टोमॅटोही थुंकली, त्याच्या शर्टावर. त्याने शर्ट झटकला आणि पुढच्या वाफ्याकडं वळला. पोरगी हसून हसून मातीत लोळायची बाकी राहिली.

मग गाजर. बोटाएवढं, कोवळं, दव अजून त्यावर. त्याने बाहीला पुसलं, फोड कापली, मीठ लावलं, पातं आडवं करून तिच्यापुढं धरलं. तिने दोन बोटांनी उचलली. चावली. कुरुम. म्हातारा ती थुंकायची वाट बघत होता. ती चावतच राहिली. मग गिळलं.

"अजून आहे?"

म्हाताऱ्याने तोंड फिरवलं आणि उगाच मिठाची पुडी शोधायला लागला. पुडी हातातच होती.

चौथ्या दिवशी लेक आली, तर मुंगी तिचा हात धरून मळ्यात घेऊन गेली. "आई, इथं थुंकता येतं!" म्हाताऱ्याने दुधीची पातळ चकती कापली. लेकीकडं बघायची त्याची हिंमत होईना. लेकीने चकती घेतली, तोंडात घातली आणि सगळा जोर लावून थुंकली. मग हसायला लागली. मग रडायला लागली. म्हातारा म्हणाला, "तीन हात. तू तर पोरीच्याही वर." त्या दिवसापासून त्या घरात कुणी दुधी केला नाही, आणि कुणाचं अडलंही नाही.

पुढच्या सगळ्या सुट्ट्या मुंगीने मळ्यातच काढल्या. घेवडाही खायला लागली, पण कच्चाच, कोवळा, वेलीवरून तोडून. ती मोठी झाली. एका थंडीत म्हातारा गेला. मुंगीने त्याच्या उजव्या खिशातून मला काढलं, छातीशी धरलं आणि इथं शहरात घेऊन आली. तेव्हापासून मी या खणात.

मुंगीला आता स्वतःची लेक आहे, चार वर्षांची. मुंगी कामावरून दमून येते, घाईघाईने भाजी करते. आणि आत्ता, एवढ्यात, वरून आवाज आला.

"ताट रिकामं झाल्याशिवाय उठायचं नाही!"

गारठलोच मी. तोच सूर, तीच टेबलावर आपटलेली मूठ. क्षणभर वाटलं, म्हातारा परत आला. आला खरा, पण जो कोबीवर ओरडायचा तो नव्हे. त्याच्या आधीचा.

आणि आता ऐका. टेबलाच्या पायावर एक बारका पाय आपटतोय. टक, टक, टक.

मुंगे, अगं विसरलीस? तू थकलीयस, मला कळतंय. पण एकदा खाली वाक. खण उघड, सुतळी बाजूला सार. गंजलोय मी, पण मेलो नाही. दोन थेंब तेल सोड, दगडावर घास. त्या पोरीच्या हाताचा वास अजून माहीत नाही मला. तुझा होता. मातीचा, मिठाचा.

फार काही नको. एकच गाजर आण. बाहीला पूस, फोड काप, मीठ लाव, पात्यावर तिच्यापुढं धर. आणि गप्प बस.

आधी थुंकू दे तिला.