साडेपाचनंतरचा प्राणी

माझा राग नाकावर असतो, हे सगळी शाळा जाणते. पण विज्ञान शिकवावं तर मीच, हेही जाणते. उत्क्रांतीचा धडा मी पुस्तकातून शिकवत नाही. मुलांनी एक ठिकाण ठरवायचं, तिथे तगून राहील असा प्राणी बनवून आणायचा आणि ठिकाणाचं नाव पाकिटात बंद करायचं. प्राण्यावर फक्त नंबर. नुसतं शरीर बघून मी ठिकाण ओळखते. अकरा वर्षांत एकदाही चुकले नाही.

त्या दिवशी पहिले सहा मी चुटकीसरशी ओळखले. चिखलातला, बर्फातला, एक तर गच्चीवरच्या टाकीतला. सातवा कापडाचा होता, टाके अगदी बारीक.

"हे कुणाच्या तरी आईचं काम आहे," मी दटावलं. "घरच्यांची मदत घेतली की माझं डोकं फिरतं, माहीत आहे ना?"

माझी लेकही याच वर्गात, तिसऱ्या बाकावर. शाळेत ती मला बाईच म्हणते. ती वहीत डोकं घालून बसली होती.

"बघा, कान केवढे, आणि मागे वळलेले. म्हणजे धोका दिसायच्या आधी ऐकू यायला हवा. तळव्यांना कापूस. चालताना आवाज नको. तोंड बटणाने बंद होतं. कातडी उलटते, आतून नारिंगी, बाहेरून भिंतीसारखी करडी."

"मग शिकारी कुठे असतो, बाई?" पुढच्या बाकावरच्या चष्मेवालीने विचारलं.

"त्याच्याच बिळात. पण ठरावीक वेळी येतो, म्हणून तर कातडी उलटायला सवड मिळते."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड झाला. हे जंगल नव्हतं, कुणाचं तरी घर होतं.

"ज्याचा असेल त्याने घाबरू नये," मी म्हणाले. "आज मी त्या घरी जाणार. लेकराला असं जगायला लावणाऱ्याची चांगली हजेरी घेते."

आणि पाकीट फोडलं.

'ठिकाण: आमचं घर. शिकारी: एक. वेळ: साडेपाचनंतर. चाहूल: किल्ल्या.'

अक्षर माझ्या लेकीचं होतं. टाके नवऱ्याचे. तो शिंपी आहे, माझ्या अंगावरच्या कपड्यालाही तेच टाके होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दोघांनी माझ्यामागे, मशीनवर बसून, कधी शिवलं असेल हे? असे बदल व्हायला हजारो पिढ्या लागतात, असं मी शिकवते. माझ्या घरात बारा वर्षं पुरली होती.

"बाई, कुठलं ठिकाण?" मुलं ओरडू लागली. लेकीने मान वर केली. ती श्वास रोखून माझ्याकडे बघत होती.

"नाही ओळखता आलं मला," मी म्हणाले आणि चिठ्ठी मुठीत चुरगळली. माझं खोटं तिला कळलं.

बोलल्याप्रमाणे मी त्या घरी गेले. दारात थबकले. आत मशीन चालू होतं आणि लेक भडाभडा बोलत होती.

"बाबा, तिने सगळं ओळखलं, एकूण एक! आणि ओरडली नाही!"

नवरा हसला. मग तीही हसली, अगदी मोकळं. तिचं असं हसणं मी कधी ऐकलंच नव्हतं. मला भरून आलं. कधी एकदा आत जाते असं झालं, आणि घाईघाईने मी किल्ल्या काढल्या.

आतलं मशीन थांबलं. हसणंही.